सोनी बीएमजी, २००५: गाण्याची सीडी घातली आणि विंडोजमध्ये रूटकिट बसलं

कॉम्प्युटरवर ऑडिओ सीडी वाजवायला किंवा रिप करायला वेगळं असं काही लागत नाही. सीडी घातली की विंडोज मीडिया प्लेयर, आयट्यून्स, विनअँप, व्हीएलसी जे काय असेल ते उघडतं, आणि रिपचं बटण दाबलं की चहा पिऊन होईपर्यंत अख्खा अल्बम हार्डडिस्कवर. पण २००५ मध्ये सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत काही अल्बम असे काढले की सीडी कॉम्प्युटरवर ऐकायची तर तुमच्या प्लेयरमध्ये ऐकायची नाही, सीडीतच दिलेल्या आमच्या प्लेयरमध्ये ऐकायची. तिथून पुढे दीड वर्षात व्हायरस काय, कोर्टकचेऱ्या काय, लाखो सीड्या परत मागवणं काय, सगळं झालं. हे प्रकरण बहुतेक वेळा 'सोनीने रूटकिट टाकलं होतं' एवढ्या एका ओळीत सांगून संपवतात. रूटकिट म्हणजे विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर. मला वाटतं रूटकिट हा नंतरचा भाग, खरा घोळ आधीच झाला होता, ऑडिओ सीडीचं रिपिंग सॉफ्टवेअरने थांबवायचं असं ठरलं तेव्हाच. कारण सीडी बनलीय ती अशी की तिच्यात ते बसतच नाही.

आधी ते बघू. ऑडिओ सीडीचं स्टँडर्ड फिलिप्स आणि सोनीने १९८० साली ठरवलं, त्याला रेड बुक म्हणतात. त्यात फाइल वगैरे प्रकारच नाही. विंडोजमध्ये सीडी उघडली की ४४ बाइटच्या सीडीए फाइल्स दिसतात, त्या कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकून 'गाणं वाजत का नाहीये' म्हणून डोकं खाजवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, तर त्या फाइल्स विंडोजने दाखवलेल्या नुसत्या खुणा असतात. सीडीवर असतात ते सलग आकडे. एका सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा उजवा मिळून दोन चॅनेल. त्या एका सेकंदाचे ७५ तुकडे, प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा, म्हणजे मिनिटाला साधारण दहा एमबी. सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची. रिपर काय करतो, तर अनुक्रमणिका वाचतो, तुकडे एकामागून एक उचलतो, पुढे वेव्हचं हेडर चिकटवतो आणि मग हवं तर एमपीथ्री किंवा फ्लॅक करतो. १९८० मध्ये घरातल्या कॉम्प्युटरला एवढा डेटा ठेवायला जागाच नव्हती त्यामुळे कॉपी कोण करणार हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसावा, आणि स्टँडर्डमध्ये एन्क्रिप्शनला जागा ठेवलेली नाही. आता नंतर ते घालायचं म्हटलं तर जगभरातले आधीचे सगळे प्लेयर त्या दिवशी मुके होणार. म्हणजे सीडीला हात लावता येत नाही.

तरी आधी हात लावून बघितलाच. २००१-०२ च्या सुमारास सीडीतच खोट काढायचा प्रकार सुरू झाला, अनुक्रमणिका मुद्दाम चुकीची लिहायची, एरर करेक्शनच्या डेटामध्ये गडबड करायची, म्हणजे साधा प्लेयर सांभाळून घेईल आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह गोंधळेल. पण गाडीतले बरेच प्लेयर आणि डीव्हीडी प्लेयरही आतून कॉम्प्युटरचाच ड्राइव्ह वापरायचे, तेही गोंधळले. काही सीड्यांनी अॅपलचे मॅक अडकून पडले. आणि मग २००२ मध्ये लोकांना कळलं की काही सीड्यांवर बाहेरच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ मारली की ते संरक्षण गळून पडतं, कारण गडबड केलेला डेटा ट्रॅक त्या कडेलाच होता. फिलिप्सने तर सरळ सांगितलं की असल्या चकत्यांना 'कॉम्पॅक्ट डिस्क'चा लोगो लावायचा नाही, त्या स्टँडर्डमध्ये बसतच नाहीत.

मग दुसरा रस्ता. गाणी जशीच्या तशी ठेवायची, दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे सीडीवर वेगळ्या लिहिलेल्या भागात, डेटा टाकायचा. साध्या म्युझिक सिस्टिमला पहिलं सेशनच दिसतं, कॉम्प्युटरला दोन्ही. आणि तेव्हाच्या विंडोजमध्ये ऑटोरन डिफॉल्टने चालू, सीडी आत गेली की तिच्यातला प्रोग्राम विचारल्याशिवाय सुरू. त्या प्रोग्रामने ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि सीडी ड्राइव्हच्या मध्ये बसणारा प्रोग्राम, बसवायचा आणि पुढे कोणताही रिपर ती सीडी वाचायला लागला की त्याला अडवायचं. थोडक्यात सीडीला कुलूप लागत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या घराला कुलूप लावायचं. ऑक्टोबर २००३ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी अॅलेक्स हॉल्डरमन याने असल्याच मीडियामॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करून लिहिलं की सीडी घालताना कीबोर्डवरची शिफ्ट की दाबून धरा, ऑटोरन होत नाही, संपलं. ते सॉफ्टवेअर बनवणारी सनकॉम कंपनी इतकी चिडली की त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावू म्हणाली, मग लोक हसायला लागल्यावर गप्प बसली. शिफ्ट की दाबायला सांगितली म्हणून दावा! खरं तर एवढं झाल्यावर इंडस्ट्रीने हा नाद सोडायला हवा होता. त्यांनी उलट धडा घेतला, की सॉफ्टवेअर एकदा आत शिरलं की बाहेर काढता येता कामा नये.

तर आता मूळ प्रकरण. सॉफ्टवेअरचं नाव एक्ससीपी, बनवणारी ब्रिटनमधली फर्स्ट फोर इंटरनेट नावाची छोटी कंपनी, वापरणारी सोनी बीएमजी. गिऱ्हाइकाला काय दिसायचं तर सीडी घातली की लायसन्सचा लांबलचक मजकूर, त्यात 'एक छोटा प्रोग्राम बसेल' अशा अर्थाचं एक वाक्य. नाही म्हटलं तर सीडी बाहेर. हो म्हटलं तर प्लेयर उघडायचा, अल्बमचं चित्र, गाण्यांची यादी, वाजवायची बटणं, आणि कॉपी काढायची सोय, ती पण जास्तीत जास्त तीन सीड्या. गाणी हार्डडिस्कवर घेता यायची पण मायक्रोसॉफ्टच्या कुलूपबंद डब्ल्यूएमए फॉरमॅटमध्ये, आणि ते आयपॉडवर चालत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एमपीथ्री प्लेयर म्हणजे आयपॉडच, म्हणजे पैसे देऊन घेतलेली सीडी सगळ्यात जास्त खपणाऱ्या मशीनवर ऐकता येत नाही. कंपनीच्या सपोर्टकडे तक्रार केली तर ते काय सांगायचे माहितीय? आमच्या प्लेयरमधून एक सीडी बर्न करा आणि ती बर्न केलेली सीडी आयट्यून्सने रिप करा. स्वतःच्याच संरक्षणाला वळसा कसा घालायचा ते स्वतःच! आणि स्विचफूट बँडच्या टिम फोरमनने सप्टेंबर २००५ मध्ये आपल्याच अल्बमच्या चाहत्यांना जाहीरपणे सांगितलं की सीडीएक्स नावाचा फुकटचा रिपर घ्या आणि त्याने काढा.

इथपर्यंत नुसता वैताग आहे. याच्या खाली काय चाललं होतं ते ३१ ऑक्टोबर २००५ ला बाहेर आलं.

मार्क रुसिनोविच हा विंडोजच्या अंतरंगातला दादा माणूस, सिसइंटर्नल्सची टूल्स ज्यांनी वापरलीत त्यांना नाव माहीत असेलच. त्याने रूटकिटरिव्हीलर नावाचं टूल लिहिलं होतं. त्याची युक्ती साधी, विंडोजला विचारायचं 'या फोल्डरमध्ये काय काय आहे', आणि मग विंडोजला न विचारता डिस्क थेट वाचून स्वतः यादी करायची, दोन याद्या जुळल्या नाहीत म्हणजे मध्ये कोणीतरी खोटं बोलतंय. ते टूल तो स्वतःच्या मशीनवर चालवून बघत होता तर याद्या जुळेनात. सिस्टम३२ मध्ये एक लपलेलं फोल्डर, काही लपलेले ड्रायव्हर, एक लपलेला चालू प्रोग्राम. सगळ्यांच्या नावाची सुरुवात एकच, आधी डॉलरचं चिन्ह, मग सिस (sys) ही इंग्रजी अक्षरं, मग परत डॉलर.

त्याने कमांड प्रॉम्प्टवरून बघितलं तर यादीत फोल्डर दिसत नाही, पण नाव टाइप करून आत जायचं म्हटलं तर खुशाल जाता येतं. मग कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातला, सिस्टिम कॉलचा तक्ता (प्रोग्रामने काही मागितलं की कुठल्या कोडकडे जायचं त्याची यादी) काढून बघितला तर काही नोंदी विंडोजच्या स्वतःच्या कोडकडे न जाता एरीज नावाच्या एका ड्रायव्हरकडे जात होत्या. तो ड्रायव्हर काय करतो हे तपासायला त्याने नोटपॅडची एक प्रत केली आणि तिच्या नावापुढे ते डॉलर-सिस-डॉलर लावलं. फाइल डोळ्यांदेखत गायब. म्हणजे फक्त स्वतःच्या फाइल्स लपवतो असंही नाही, त्या नावाने सुरू होणारं काहीही, कोणाचंही, लपवतो. पुढे यातूनच सगळी वाट लागली.

फाइल्सवर फर्स्ट फोर इंटरनेटचं नाव होतं, शोधल्यावर कळलं की ही कंपनी रेकॉर्ड कंपन्यांना कॉपी प्रोटेक्शन विकते, आणि मग त्याला आठवलं की आपण मध्यंतरी व्हॅन झँट या भावांच्या जोडीची एक सीडी घेतली होती जी फक्त तिच्यातल्याच प्लेयरमध्ये वाजते. सीडी घातली, प्लेयर उघडला, आणि तो लपलेला प्रोग्राम लगेच सीपीयू खायला लागला. प्लेयर बंद केला तरी एकदोन टक्के खातच राहिला. कारण तो दर दोन सेकंदांनी चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या फाइल्स तपासत बसायचा, सीडी ड्राइव्हमध्ये असो नसो. सर्व्हिसचं नाव काय ठेवलं होतं तर 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर', म्हणजे कोणी बघितलं तरी वाटावं मायक्रोसॉफ्टचंच काहीतरी असेल. सेफ मोडमध्येही चालू व्हायची सोय केलेली होती. आणि काढून टाकायला अॅड रिमूव्ह प्रोग्राम्समध्ये नोंदच नाही.

त्याने हाताने काढून टाकलं तर सीडी ड्राइव्हच नाहीसा झाला. कारण क्रेटर नावाचा दुसरा एक ड्रायव्हर ड्राइव्हच्या साखळीत मध्ये बसवला होता, रिपरला खऱ्या गाण्याऐवजी नुसता खरखराट देणारा तो हाच. ती कडी फाइल उडवून तोडली की विंडोजला पूर्ण साखळी लोड करता येत नाही आणि ड्राइव्हच दिसेनासा होतो. रजिस्ट्रीत जाऊन फिल्टरच्या नोंदी काढल्यावर ड्राइव्ह परत आला, पण हे रुसिनोविचला जमलं, गाणी ऐकायला सीडी आणणाऱ्या माणसाने काय करायचं, फॉरमॅटच मारायचा ना.

आता कोणी म्हणेल की कंपनीला माहीतच नसेल, बाहेरून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. पण फिनलंडच्या एफ-सिक्युअर या अँटीव्हायरस कंपनीने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, म्हणजे प्रकरण बाहेर यायच्या जवळजवळ महिनाभर आधी, सोनी बीएमजीला कळवलेलं होतं. महिना गेला. मग गाजावाजा झाल्यावर ४ नोव्हेंबरला कंपनीच्या डिजिटल बिझनेसचे प्रमुख थॉमस हेस रेडिओवर म्हणाले की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग त्यांनी कशाला काळजी करायची. हे वाक्य पुढे कंपनीच्या मानेवर कायमचं बसलं. मला विचाराल तर या माणसाने खरं ते बोलून टाकलं. अख्खी योजनाच त्या गृहितकावर उभी होती, की गिऱ्हाइकाला आत काय चाललंय ते कळणार नाही.

दरम्यान एक पॅच दिला, त्याने फक्त लपवाछपवी बंद व्हायची, बाकी सगळं जागच्या जागी. वर तो पॅच चालू विंडोजमधून एरीज ड्रायव्हर खेचून काढायचा, त्या क्षणी दुसरा कुठला प्रोग्राम त्याच्यातून जात असेल तर निळा स्क्रीन यायची शक्यता, हेही रुसिनोविचनेच दाखवलं. पूर्ण अनइन्स्टॉल हवं तर? तर आधी वेबसाइटवर फॉर्म भरा, ईमेल द्या, सीडी कुठून घेतली ते सांगा, मग मेल येणार, त्यातल्या लिंकवर जाऊन इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक अॅक्टिव्हएक्स कंट्रोल (वेबपेजला मशीनवर काम करू देणारा छोटा प्रोग्राम) बसवा, मग परत एक फॉर्म, कारण सांगा कशाला काढायचंय, मग परत मेल, आणि त्यातली लिंक त्याच कॉम्प्युटरवर चालणार, तीही आठवडाभरच. सरकारी कचेरीत सुद्धा एवढे टेबल नसतात.

आणि एवढं करून शेवटी मिळालं काय, तर आगीतून फुफाट्यात. तो अॅक्टिव्हएक्स कंट्रोल काम झाल्यावर मशीनमध्येच राहायचा आणि त्याच्यातली फंक्शन्स कुठलीही वेबसाइट वापरू शकायची. त्यात मशीन रीबूट करायचं फंक्शन होतं, फिनलंडमधल्या एका रिसर्चरने ते शोधलं होतं, पण मोठी गोष्ट प्रिन्स्टनच्या एड फेल्टन आणि हॉल्डरमन यांनी दाखवली, की यातून कुठलीही साइट स्वतःचा कोड तुमच्या मशीनवर उतरवून चालवू शकते. हॉल्डरमन म्हणजे तोच, शिफ्ट कीवाला. नुसतं वेबपेज उघडलं की खेळ खल्लास. म्हणजे ज्याने रूटकिट ठेवलं तो एका धोक्यात आणि ज्याने शहाणपणा करून कंपनीच्या पद्धतीने काढलं तो त्याहून मोठ्या धोक्यात. हे सगळ्यात वाईट, रूटकिटहूनही, असं माझं मत आहे, कारण रूटकिटमागे निदान काहीतरी हेतू तरी होता, हा तर निव्वळ गलथानपणा.

तिकडे व्हायरसवाल्यांचं काम आयतं झालं होतं. नोव्हेंबरच्या १० तारखेच्या आसपास पहिला ट्रोजन सापडला जो स्वतःच्या फाइलचं नावच डॉलर-सिस-डॉलरने सुरू करायचा, आणि ज्या मशीनवर सोनीची सीडी वाजली असेल तिथे तो आपोआप अदृश्य, आयत्या बिळावर नागोबा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळताना चिटिंग करणाऱ्यांनी तर त्याच्याही आधी हे हेरलं होतं. गेम कंपनीचा चिटिंग पकडणारा प्रोग्राम चालू असलेले प्रोग्राम तपासतो, मग आपल्या चिट प्रोग्रामला ते नाव द्या, दिसणारच नाही. गंमत म्हणून ऐकायला मजा येते, पण नीट बघा, कॉपी थांबवायला लपवायची यंत्रणा केली आणि ती चोरांच्या कामाला लवकर आली.

आणखी एक प्रकार असा निघाला की तो कोणी गोष्टीत लिहिला असता तर अती झालं म्हणून कापला असता. एक्ससीपीच्या प्लेयरचा कोड उलगडून बघणाऱ्यांना त्यात लेम या प्रसिद्ध एमपीथ्री एन्कोडरचे तुकडे सापडले, आणि शिवाय अॅपलच्या कुलूपबंद फॉरमॅटवर काम करणारा, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखालचा कोड सापडला, लिहिणारे कोण तर जॉन लेक योहान्सन, डीव्हीडीचं कुलूप तोडण्यात ज्याचं नाव आलं होतं तो, आणि सॅम होसेवार. लायसन्सच्या अटी न पाळता. म्हणजे कॉपीराइट सांभाळायचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचा कॉपीराइट धाब्यावर बसवून बनवलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ज्यांना वाटलं एक्ससीपीची सीडी नाही म्हणजे आपण वाचलो, त्यांच्यासाठी मीडियामॅक्स होतंच. सोनी बीएमजी ते सनकॉमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या अल्बमवर वापरत होती, आणि संख्येने त्या सीड्या एक्ससीपीपेक्षा खूप जास्त. ते स्वतःला लपवायचं नाही, पण लायसन्स स्क्रीनवर यायच्या आधीच फाइल्स बसवून मोकळं व्हायचं, आणि काही परिस्थितीत तुम्ही 'नाही' म्हटलं तरी ड्रायव्हर चालू राहायचा. मग विचारता तरी कशाला? आणि डिसेंबरमध्ये त्यातही सुरक्षेचं भोक सापडलं.

कंपनीने ११ नोव्हेंबरला एक्ससीपीच्या सीड्या बनवणं थांबवलं आणि पुढच्या चारपाच दिवसांत दुकानांतून परत मागवल्या, घेतलेल्यांना बदलून द्यायचं कबूल केलं. एकूण ५२ अल्बम, सुमारे ४७ लाख सीड्या बनलेल्या, त्यातल्या २१ लाखांच्या आसपास विकल्या गेलेल्या. किती मशीनवर बसलं याचा अंदाज डॅन कमिन्स्की या सुरक्षा संशोधकाने भारी पद्धतीने काढला. प्लेयर कंपनीच्या सर्व्हरशी गपचूप बोलायचा, कुठला अल्बम चालू आहे ते कळवायचा, तर त्या सर्व्हरची नावं जगभरातल्या डीएनएस सर्व्हरच्या (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणारे, यांनाच नेमसर्व्हर म्हणतात) कॅशमध्ये, म्हणजे नुकतं विचारलेलं लक्षात ठेवायच्या जागेत, आहेत का ते त्याने विचारत सुटलं. ५ लाख ६८ हजारांवर नेमसर्व्हरमध्ये खूण सापडली. ही संख्या नेमसर्व्हरची, कॉम्प्युटरची नव्हे, एका नेमसर्व्हरमागे एक मशीन असेल किंवा हजार, त्यामुळे या आकड्यावरून 'इतक्या लाख मशीन बाधित' असं जे ठोकून देतात ते बरोबर नाही, पण पसारा केवढा ते कळतं. मायक्रोसॉफ्टनेही त्याच सुमारास जाहीर केलं की आमचं टूल हे काढून टाकणार. अँटीव्हायरस कंपन्या मात्र एवढे महिने काय करत होत्या हा प्रश्न सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायरने तेव्हा विचारला, आणि तो रास्तच होता, कारण कर्नलमध्ये लपून बसलेलं सॉफ्टवेअर जर एखाद्या पोराने लिहिलं असतं तर पहिल्या दिवशी व्हायरस म्हणून पकडलं असतं.

होमलँड सिक्युरिटी या अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या स्ट्युअर्ट बेकर यांनी एका कार्यक्रमात कंपन्यांना सुनावलं ते मला फार आवडतं, गाणी तुमच्या मालकीची आहेत, कॉम्प्युटर तुमच्या मालकीचा नाही.

कोर्टाचं थोडक्यात सांगतो. टेक्सासचे अॅटर्नी जनरल ग्रेग अॅबट यांनी २१ नोव्हेंबरला दावा लावला, त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनेही ग्राहकांच्या वतीने. ग्राहकांच्या दाव्यांची तडजोड न्यूयॉर्कच्या कोर्टाने मे २००६ मध्ये मंजूर केली, एक्ससीपीची सीडी घेतलेल्यांना स्वच्छ सीडी, वर एकतर साडेसात डॉलर आणि एक अल्बम डाउनलोड, नाहीतर तीन अल्बम डाउनलोड. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाला मिळून १५ लाख डॉलर आणि मग बाकीच्या चाळीसेक राज्यांना ४२.५ लाख, मशीन बिघडलेल्यांना १७५ डॉलरपर्यंत भरपाई. जानेवारी २००७ मध्ये एफटीसीशी, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाशी, समझोता. आणि जुलै २००७ मध्ये सोनी बीएमजीने मीडियामॅक्स बनवणाऱ्यांवरच १.२ कोटी डॉलरचा दावा लावला, तुमच्या मालामुळे आम्ही अडकलो म्हणून.

आता यात सापडलं कोण ते बघा. ज्याने दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजून सीडी घेतली, विंडोजवर घातली, लायसन्सला हो म्हटलं, तो. ज्याने नेटवरून फुकट एमपीथ्री उतरवले त्याला काही झालं नाही. मॅकवाल्यांना एक्ससीपी लागूच नव्हतं, लिनक्सवाल्यांना तर सीडीपॅरानोइया या रिपरने सरळ रिप करता येत होतं, आणि विंडोजवरही ज्याने ऑटोरन बंद ठेवलं होतं त्याला ही सीडी साधी सीडीच दिसायची. आणि नेटवर टाकायला एक रिप पुरते, ती करणारा माणूस नेमका असाच असणार ज्याला शिफ्ट की माहितीय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी मिळायची, ती विकणाऱ्याच्या धंद्यात असल्या सॉफ्टवेअरने फरक पडला असता असं कोणाला वाटतं?

एक बाजू या प्रकरणात सहसा सांगितली जात नाही. फेल्टन आणि हॉल्डरमनना या सीड्यांमधली गडबड रुसिनोविचच्या आधी कळली होती. पण अमेरिकेत डीएमसीए नावाचा कायदा आहे, कॉपी प्रोटेक्शन फोडणं गुन्हा, मग त्याच्यातली चूक जाहीर करणं म्हणजे फोडणं होतं का, हे वकिलांशी बोलण्यात त्यांचा महिन्याच्या वर गेला. तेवढा काळ लोक सीड्या घेतच होते, घालतच होते. हे त्यांनी स्वतः नंतर कायद्यात सूट मागताना लिहून दिलं, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सीडीवरच्या असल्या संरक्षणाची सुरक्षा तपासण्यापुरती सूट मिळाली.

सीडीवरचं कॉपी प्रोटेक्शन यानंतर फार टिकलं नाही. ईएमआय या दुसऱ्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनेही २००७ पर्यंत सोडून दिलं, आणि जानेवारी २००८ मध्ये खुद्द सोनी बीएमजी कुलूप नसलेले एमपीथ्री विकायला तयार झाली. रुसिनोविचची कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली.

या सीड्या अजून सेकंडहँड बाजारात फिरतात, परदेशात राहणाऱ्यांना किंवा तिथून जुन्या सीड्या मागवणाऱ्यांना एखादी मिळू शकते. ओळखायची खूण म्हणजे समोरच्या बाजूला डाव्या कडेला 'कंटेंट प्रोटेक्टेड' अशी पट्टी, आणि मागे कुठल्या सिस्टिमवर चालेल याची काळी-पांढरी चौकट, त्यातल्या वेबपत्त्यात एक्ससीपी ही अक्षरं. आजच्या ६४ बिट विंडोजमध्ये ते जुने ३२ बिट ड्रायव्हर लोडच होत नाहीत, पण कोणी रेकॉर्डिंगसाठी किंवा जुन्या गेमसाठी एक्सपीचं मशीन सांभाळून ठेवलं असेल तर त्याच्यात ही सीडी तशीच घालू नका. मशीन आधीच बाधित आहे का बघायचं तर डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाइल करून तिच्या नावाची सुरुवात डॉलर-सिस-डॉलर अशी करा, रिफ्रेश केल्यावर दिसेनाशी झाली तर समजा आत पाहुणा आहे. एकदा ऑटोप्ले बंद असल्याची खात्री केली की गाण्यांचं सेशन अगदी शुद्ध रेड बुक आहे, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपरमध्ये सिक्युअर मोड लावा, रिप झाल्यावर अॅक्युरेटरिपने इतरांच्या रिपशी चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून बघा, आणि शेवटचा डेटा ट्रॅक यादीत दिसला तर त्याची खूण काढून टाका.